चार हजारांतला एक : शिकागोच्या उपनगरांतील सार्वजनिक हायस्कूलचा आढावा

शिकागोला लागून असलेल्या इवॅन्स्टन गावच्या हायस्कूलमध्ये भूमितीचा एक वर्ग वर्षभरात खरंखुरं घर बांधतो. छपराचा उतार काढताना काटकोन त्रिकोण, भिंतींचे तुकडे कापताना प्रमाण, लाकूड मागवताना क्षेत्रफळ, असं गणित मुलांच्या हातांत उतरतं. शाळेच्या आवारात उभं राहिलेलं घर पुढे उचलून गावातल्या मोकळ्या जागेवर नेतात आणि बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबाला परवडेल अशा किमतीला देतात. २०१३ मध्ये सुरू झालेला हा उपक्रम त्या शाळेतल्या अनेक उपक्रमांपैकी एक. तिथे सुमारे साडेतीन हजार मुलं शिकतात. एका खोलीत कॅल्क्युलस चाललेलं असतं, दुसऱ्या दालनात ऑर्केस्ट्राची तालीम, तर आणखी कुठे नुकतंच या देशात आलेलं मूल इंग्रजीची पहिली वाक्यं जुळवत असतं.

या शाळेला प्रवेशपरीक्षा नाही. हद्दीत घर असलं की प्रवेश. अशा शाळेला अमेरिकेत ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह हायस्कूल’ म्हणतात : गावातल्या सगळ्या मुलांसाठी सगळं शिक्षण एका छपराखाली. शिकागोभोवतीच्या विनेटका, लिंकनशायर, नेपरव्हिल, ओक पार्क, व्हीलिंग या उपनगरांत ही कल्पना ऐन भरात पाहायला मिळते. यांतल्या काही गावांत मराठी घरंही आता बरीच आहेत, आणि “शाळा चांगली आहे म्हणून इथे घर घेतलं” हे वाक्य त्या घरांत नेहमी ऐकू येतं.

चांगली म्हणजे काय, हाच या लेखाचा प्रश्न आहे. इतकी मोठी शाळा तिच्यातल्या प्रत्येक मुलापर्यंत पोचते का? अव्वल मुलाची वाट आखलेली असते. अडलेल्या मुलामागे कायदा उभा असतो. या दोघांच्या मधला जो मोठा गट आहे, ज्याच्याबद्दल कोणाची तक्रार नाही आणि ज्याचं कोणी कौतुकही करत नाही, त्यातल्या मुलाचं चार वर्षांत काय होतं, यावर अशा शाळेची परीक्षा व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यांसाठी एक शाळा

अमेरिकेतलं पहिलं सार्वजनिक हायस्कूल १८२१ मध्ये बोस्टनला निघालं. हायस्कूलसाठी जनतेकडून कर घ्यावा का, हा वाद मात्र पुढे अर्धं शतक चालला. १८७४ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने कलामझू गावच्या खटल्यात असा कर वैध ठरवला आणि गावोगावी हायस्कूल उभं राहण्याचा मार्ग मोकळा झाला. क्लॉडिया गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिलं आहे, की १९१० मध्ये अठरा वर्षांच्या दर शंभर मुलांत जेमतेम नऊ हायस्कूल पूर्ण करत आणि १९४० पर्यंत जवळजवळ निम्मी मुलं ते पूर्ण करू लागली. त्या काळात युरोपातले बहुतेक देश मुलांना दहाव्या-अकराव्या वर्षीच वेगवेगळ्या शाळांत वाटून टाकत होते.

मुलं वाढली तेव्हा प्रश्न आला, की सगळ्यांना एकच शिकवायचं की वेगवेगळं? १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने व्यवसायशिक्षणाला केंद्राचा पैसा दिला. १९१८ च्या ‘कार्डिनल प्रिन्सिपल्स’ या अहवालाने सांगितलं, की अभ्यासक्रम वेगवेगळे असू देत, पण मुलं एकाच शाळेत राहू देत. शेतकऱ्याचं आणि वकिलाचं मूल एका भोजनगृहात जेवलं पाहिजे, एका संघात खेळलं पाहिजे, ही त्यामागची लोकशाही भूमिका होती.

१९५९ मध्ये हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी या कल्पनेला नेमका आकार दिला. दर वर्षी निदान शंभर मुलं बाहेर पडतील एवढी शाळा मोठी हवी, नाहीतर भौतिकशास्त्र किंवा परकीय भाषेचा चांगला वर्ग चालवणं परवडणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. दर अडीचशे ते तीनशे मुलांमागे एक काउन्सेलर, म्हणजे मुलांना मार्गदर्शन करणारा सल्लागार, हवा, हीही त्यांचीच शिफारस. त्याच सुमारास महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना मिळालेल्या गृहकर्जांमुळे आणि १९५६ नंतरच्या महामार्गांमुळे उपनगरं झपाट्याने फुगत होती. कॉनंट यांचा पहिला सल्ला उपनगरांनी मनापासून घेतला आणि शाळा मोठ्या केल्या. दुसरा सल्ला तितका पाळला गेला नाही. देशभरची सरासरी आजही एका काउन्सेलरमागे ३८० मुलांच्या आसपास आहे.

वेळापत्रकातली वाट

मराठी वाचकाला इथली रचना थोडी उलगडून सांगायला हवी. आपल्याकडे दहावीनंतर कला, वाणिज्य, विज्ञान अशी शाखा एकदाच निवडायची असते. इथे नववी ते बारावी ही चार वर्षं एकाच शाळेत जातात आणि शाखा नसते. प्रत्येक विद्यार्थी दर वर्षी एकेक विषय निवडून स्वतःचं वेळापत्रक बनवतो. हिशेब ‘क्रेडिट’मध्ये होतो. त्याचं मूळ विसाव्या शतकाच्या आरंभी ठरलेल्या कार्नेगी युनिटमध्ये, म्हणजे एका विषयाच्या साधारण १२० तासांत आहे. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये हायस्कूलच्या पदविकेसाठी इंग्रजी चार वर्षं आणि गणित तीन वर्षं लागतं. नागरिकशास्त्राचं एक सेमिस्टरही सक्तीचं आहे. सार्वजनिक हायस्कूलने मोटार चालवायचं शिक्षणही द्यावं असा इथला नियम आहे : ३० तास वर्गात, सहा तास प्रत्यक्ष गाडीवर.

सक्तीचे विषय सोडले की बाकीचं मैदान मोकळं असतं. १९५५ पासून कॉलेज बोर्ड चालवत असलेले एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय, आज चाळीसच्या आसपास आहेत. परीक्षेत पाचपैकी तीन किंवा अधिक गुण मिळाले की अनेक विद्यापीठं त्याचं क्रेडिट देतात. त्याशिवाय जवळच्या कम्युनिटी कॉलेजशी जोडलेले विषय, सुतारकाम, वेल्डिंग, स्वयंपाक, मातीकाम, चित्रपटनिर्मिती. शाळा सुटल्यावर वादविवाद, रोबोटिक्स, मार्चिंग बँड, अभिरूप संयुक्त राष्ट्रसंघ. विनेटकाच्या न्यू ट्रायर हायस्कूलचं स्वतःचं रेडिओ केंद्र आहे. खेळांत मुलींसाठी दार उघडलं ते १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने. त्या वर्षी देशभरातल्या हायस्कूलमध्ये तीन लाखांहून कमी मुली खेळत होत्या. आज ती संख्या तीस लाखांच्या वर आहे.

मोकळ्या मैदानात वाट आपोआप सापडत नाही, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. गणिताचं उदाहरण घ्या. आठवीत बीजगणित झालेलं मूल नववीत भूमिती, दहावीत पुढचं बीजगणित, अकरावीत प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस अशी शिडी चढतं. बीजगणित नववीत सुरू करणारं मूल त्याच वेगाने चाललं, तर बारावीत प्रीकॅल्क्युलसपाशी थांबतं. अभियांत्रिकीला जायचं मनात आलं तेव्हा कळतं, की निर्णय तीन वर्षांपूर्वीच होऊन गेला होता. ज्या घरातल्या पालकांना ही शिडी माहीत असते त्यांची मुलं वेळेवर चढतात. इतरांना ती कोणीतरी दाखवावी लागते.

१९८५ मध्ये आर्थर पॉवेल, एलेनॉर फरार आणि डेव्हिड कोहेन यांनी ‘द शॉपिंग मॉल हायस्कूल’ या पुस्तकात हीच गोष्ट मांडली. हुशार मुलं, विशेष गरजांची मुलं, कसबी कामाकडे वळलेली मुलं, या सगळ्यांसाठी शाळेत खास कोपरे तयार झालेले त्यांना दिसले. त्या प्रत्येक गटामागे आग्रह धरणारं कोणीतरी होतं. मधल्या मुलांमागे कोणी नव्हतं. मुलाने गोंधळ घालायचा नाही आणि शिक्षकाने फार मागायचं नाही, असा एक अलिखित समझोता वर्गावर्गांत झालेला होता. चाळीस वर्षांनंतरही या निरीक्षणाची धार कमी झालेली नाही.

मोठेपणाचा हिशेब

शाळा किती मोठी असावी यावर बरंच संशोधन झालं आहे. रॉजर बार्कर आणि पॉल गम्प यांनी कॅन्ससमधल्या शाळा पाहून १९६४ मध्ये सांगितलं, की मोठ्या शाळेत उपक्रम जास्त असले तरी जबाबदारीची जागा वाट्याला येणाऱ्या मुलांचं प्रमाण छोट्या शाळेत जास्त असतं. कारण साधं आहे. बास्केटबॉलचा मुख्य संघ चारशे मुलांच्या शाळेतही एक आणि चार हजारांच्या शाळेतही एकच. १९९७ मध्ये व्हॅलरी ली आणि ज्युलिया स्मिथ यांच्या अभ्यासात सहाशे ते नऊशे मुलांची शाळा शिकण्याच्या दृष्टीने सर्वांत फलदायी दिसली. पुढे गेट्स फाउंडेशनने मोठ्या शाळा फोडून छोट्या करण्यावर प्रचंड पैसा खर्च केला, आणि अपेक्षेइतका परिणाम न दिसल्याने २००८ च्या सुमारास ती वाट सोडली.

उपनगरांतल्या शाळांनी वेगळा मार्ग काढला. शाळा मोठी ठेवायची आणि मूल ज्या गटात वावरतं तो गट छोटा करायचा. न्यू ट्रायरमध्ये सुमारे चार हजार मुलं आहेत. तिथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून ‘अॅडव्हायझर’ पद्धत चालत आली आहे. साधारण पंचवीस मुलांचा गट रोज सकाळी एका शिक्षकाकडे जमतो, आणि हा शिक्षक सहसा काही वर्षं तोच राहतो. विषय निवडताना, गुण घसरल्यावर, मैत्रीत बिनसल्यावर मुलाला ओळखणारा एक मोठा माणूस इमारतीत असतो. नववीची मुलं तर नॉर्थफील्डच्या वेगळ्या आवारात असतात, म्हणजे चौदा वर्षांचं पोर एकदम चार हजारांच्या गर्दीत पडत नाही. माझ्या मते जलतरण तलाव आणि नाट्यगृहापेक्षा ही रोजची काही मिनिटं हीच त्या शाळेची सर्वांत मौल्यवान सोय आहे.

मागे पडण्याआधी हात

लिंकनशायरच्या अॅडलाय स्टीव्हन्सन हायस्कूलने याच प्रश्नाला आणखी पद्धतशीर उत्तर दिलं. १९८३ मध्ये रिचर्ड डुफोर तिथे मुख्याध्यापक झाले आणि नंतर सुपरिंटेंडंट, म्हणजे शाळा-जिल्ह्याचे प्रमुख. एकच विषय शिकवणाऱ्या शिक्षकांनी नियमित एकत्र बसावं आणि चार प्रश्नांची उत्तरं शोधावीत, हा त्यांच्या कामाचा गाभा. मुलांनी नेमकं काय शिकावं? ते शिकले हे कशावरून कळणार? नाही शिकले तर आपण काय करणार? ज्यांना आधीच येतं त्यांच्यासाठी काय? यातूनच ‘प्रोफेशनल लर्निंग कम्युनिटी’ ही पद्धत आकाराला आली आणि अमेरिकेबाहेरही पोचली.

चारांपैकी तिसऱ्या प्रश्नाने शाळेचा दिवसच बदलला. दर तीन आठवड्यांनी प्रत्येक मुलाची प्रगती तपासायची. घसरण दिसली की काउन्सेलर बोलतो, घरी कळवलं जातं, मग शाळेच्या वेळेतच शिकवणी, तरी जमलं नाही तर देखरेखीखाली अभ्यासाचा तास. मदत एकेक पायरी वाढते, आणि गरज असेल तिथे ती ऐच्छिक राहत नाही. इथेच मधल्या मुलाचा सगळ्यात मोठा फायदा होतो. हे मूल मदत मागायला स्वतःहून जात नाही. मदत त्याच्याकडे चालत आली तरच ते ती घेतं. सहामाही निकालानंतर धावपळ करणाऱ्या शाळेत आणि तिसऱ्या आठवड्यात हाक मारणाऱ्या शाळेत हाच फरक आहे.

कोण कोणत्या वर्गात

सगळी मुलं एका छपराखाली आणणं ही अर्धी गोष्ट झाली. छपराखाली ती कोणत्या वर्गात बसतात, ही उरलेली. बहुतेक मोठ्या शाळांत एकाच विषयाचे साधे, ऑनर्स म्हणजे वरच्या पातळीचे, आणि एपी असे थर असतात. जीनी ओक्स यांनी १९८५ मध्ये ‘कीपिंग ट्रॅक’ या पुस्तकात दाखवलं, की खालच्या थरात गरीब आणि कृष्णवर्णीय मुलं जास्त असतात, त्यांना शिकवलं जाणारं पातळ असतं आणि वर सरकण्याची वाट अरुंद असते.

इवॅन्स्टनच्या शाळेने या बाबतीत धाडस केलं. २०१० च्या अखेरीस तिथल्या बोर्डाने ठरवलं, की नववीच्या मानव्यविषयांत आधीच वेगळा काढलेला ऑनर्सचा वर्ग नसेल. सगळी मुलं एकत्र बसतील, आणि ठरलेल्या दर्जाचं काम करून कोणीही ऑनर्सचं क्रेडिट कमावेल. पुढे जीवशास्त्रालाही हेच लागू झालं. काही पालकांनी जोरदार विरोध केला. हुशार मुलं मागे खेचली जातील ही त्यांची भीती होती. ओक पार्क-रिव्हर फॉरेस्टच्या हायस्कूलमध्ये, जिथे अर्नेस्ट हेमिंग्वे शिकला, हाच वाद बरीच वर्षं चालला. स्टीव्ह जेम्स यांच्या ‘अमेरिका टू मी’ या २०१८ च्या माहितीपटमालिकेने त्या शाळेतल्या कृष्णवर्णीय मुलांचं एक वर्ष घराघरांत पोचवलं. एकाच इमारतीत दोन शाळा कशा नांदतात, हे त्यात दिसतं.

थर काढले की प्रश्न मिटतो, असं मी म्हणणार नाही. मिश्र वर्ग शिकवणं जास्त कठीण असतं, आणि शिक्षकांची तयारी नसेल तर सगळ्यांचंच नुकसान होतं. तरीही चौदाव्या वर्षी मुलाच्या कपाळावर थराचा शिक्का मारणं मला अन्यायाचं वाटतं. त्या वयापर्यंत मूल किती शिकलं यात घरची पुस्तकं, शिकवण्या आणि पालकांचा वेळ यांचाच वाटा मोठा असतो.

हाताला काम, शरीराला श्वास

कॉलेज हीच एक वाट नाही, हे व्हीलिंगच्या हायस्कूलमध्ये नीट दिसतं. या भागात लॅटिनो वस्ती मोठी आणि आसपास कारखाने बरेच. शाळेत सीएनसी यंत्रं असलेली कार्यशाळा आहे आणि नॅनोतंत्रज्ञानाची प्रयोगशाळाही. म्हणजे यंत्रावर हात बसवणारं मूल आणि सूक्ष्मदर्शकाखाली पदार्थ पाहणारं मूल यांच्यात भिंत घातलेली नाही. जवळच्या हार्पर कॉलेजने २०१५ मध्ये एक वचन जाहीर केलं : हायस्कूलची चार वर्षं नियमित हजेरी, ठरलेले गुण आणि समाजसेवा पूर्ण करणाऱ्या मुलाला दोन वर्षांचं कॉलेजशुल्क माफ. ही योजना थेट मधल्या मुलाशी बोलते. तिथे अव्वल येण्याची अट नाही. टिकून राहण्याची आहे.

नेपरव्हिलने शारीरिक शिक्षणात नाव कमावलं. फिल लॉलर आणि पॉल झिएंटार्स्की या शिक्षकांनी ‘कोण जिंकलं’ याऐवजी ‘स्वतःच्या हृदयाचे ठोके कुठवर नेले’ यावर गुण द्यायला सुरुवात केली. त्यामुळे खेळात मागे राहणाऱ्या मुलालाही व्यायामाच्या तासात मान मिळाला. १९९९ च्या टिम्स या आंतरराष्ट्रीय परीक्षेत नेपरव्हिलची आठवीची मुलं विज्ञानात पहिली आणि गणितात सहावी आली; पुढे जॉन रेटी यांनी ‘स्पार्क’ या पुस्तकात त्याचा संबंध व्यायामाशी जोडला. गाव सुखवस्तू आहे, म्हणून सगळं श्रेय धावण्याला देता येणार नाही. पण धावलेलं मूल वर्गात अधिक जागं असतं, हे कोणताही शिक्षक सांगेल.

जागेपणाची गोष्ट निघाली, तर झोपेचीही काढायला हवी. किशोरवयात झोपेचं घड्याळ पुढे सरकतं. म्हणून अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये हायस्कूल साडेआठच्या आधी भरवू नका, असं सांगितलं; कॅलिफोर्नियाने त्याचा कायदाच केला. सहा-सात एपी, दोन वाद्यं, तीन क्लब आणि पाच तास झोप हे वेळापत्रक अनेक भारतीय घरांत अभिमानाने सांगितलं जातं. न्यू जर्सीच्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो भागात २०१५ मध्ये सुपरिंटेंडंटने मुलांवरचा ताण कमी करायला सत्र परीक्षा बंद केल्या आणि गृहपाठाविना काही रात्री ठेवल्या, तेव्हा आशियाई पालकांतल्या अनेकांनी विरोध केला. त्या पालकांची चिंता खरी आहे, हे मान्य करूनही मला वाटतं, की मूल दमून गेलं तर शाळेतल्या कुठल्याच सोयीचा त्याला उपयोग नाही.

हद्द आणि पैसा

आता सर्वांत अवघड मुद्दा. ही शाळा सगळ्यांना खुली आहे, पण हद्दीतल्या सगळ्यांना. इलिनॉयमध्ये शाळेचा मोठा खर्च घरपट्टीतून, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्समधून येतो. महागडी घरं असलेल्या गावात कमी दरानेही भरपूर पैसा जमतो. शिकागोच्या दक्षिणेकडची, कारखाने गेलेली उपनगरं जास्त दराने कर भरूनही कमी गोळा करतात. जोनाथन कोझॉल यांनी १९९१ मध्ये ‘सॅव्हेज इनइक्वॅलिटीज’ या पुस्तकात न्यू ट्रायर आणि शिकागो शहरातल्या शाळा शेजारीशेजारी ठेवून हा अन्याय उघडा केला होता.

न्यायालयांनीही ही हद्द राखली. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सॅन अँटोनिओच्या खटल्यात शिक्षण हा संघराज्याच्या घटनेतला मूलभूत हक्क मानायला नकार दिला. १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या मिलिकेन खटल्यात उपनगरांना शहराबरोबर वंशीय एकत्रीकरणाच्या योजनेत ओढता येणार नाही, असं ठरलं. दोन्ही निकाल पाच विरुद्ध चार मतांचे. हद्दीच्या आत मात्र कायद्याने बरंच मिळवलं : १९७५ च्या कायद्याने अपंग मुलांना त्यांच्या गरजेनुसार आखलेलं शिक्षण, १९८२ च्या प्लायलर निकालाने कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही शाळेचं दार. इलिनॉयने २०१७ मध्ये पैशाचं नवं सूत्र आणलं. प्रत्येक शाळा-जिल्ह्याला पुरेसं शिक्षण द्यायला किती लागतं ते मोजायचं आणि राज्याचा नवा पैसा सर्वांत मागे असलेल्यांना आधी द्यायचा. दरी मोठी आहे, पण दिशा योग्य आहे आणि ती टिकायला हवी.

मराठी घरांसाठी

या शाळांत मुलं घालणाऱ्या मराठी पालकांना मला आपुलकीने सांगावंसं वाटतं. घर घेण्यापूर्वी आपण शाळेचा क्रमांक पाहतो. त्याबरोबर आणखी काही विचारावं. एका काउन्सेलरकडे किती मुलं आहेत? गुण घसरल्याचं किती आठवड्यांत कळतं? नववीत साध्या वर्गात बसलेल्या मुलांपैकी किती बारावीपर्यंत एपीला पोचतात? जी मुलं कोणत्याच क्लबात किंवा संघात नाहीत, त्यांच्याकडे कोण बघतं? शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत शिकलेलं मूल इलिनॉयने २०१३ मध्ये मान्य केलेल्या ‘सील ऑफ बायलिटरसी’साठी, म्हणजे दोन भाषा येत असल्याच्या शिक्क्यासाठी, मराठीची चाचणी देऊ शकेल का, हेही विचारून ठेवावं; आपली भाषा शाळेच्या नोंदीत उमटण्याची ती संधी आहे.

आणि शाळेच्या कारभाराकडे पाठ फिरवू नये. इलिनॉयमधल्या स्कूल बोर्डावर गावाने निवडलेली सात माणसं बिनपगारी काम करतात. निवडणूक विषम वर्षांच्या एप्रिलमध्ये होते आणि मतदान अनेकदा फार कमी असतं. नागरिकत्व नसलं तर मत देता येत नाही, पण सभा खुल्या असतात आणि बोलायला वेळ मिळतो. तिथे आपल्या मुलासाठी आणखी एक एपी मागण्याआधी सगळ्या मुलांसाठी आणखी दोन काउन्सेलर मागावेत. पुरेसे काउन्सेलर, मुलाला चार वर्षं ओळखणारा एक शिक्षक आणि वेळेवर येणारी मदत एवढं ज्या शाळेने जमवलं, ती चार हजारांची असली तरी त्यातल्या एकेकाची असते.